राज्यशास्त्रात नापास

आमचे हे आमदार म्हणून निवडून आले तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ते हेच. उभे राहिले होते ते पडायच्या पूर्ण तयारीनं. अंधेरीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, राहायला आम्ही बोरिवलीला. पाण्याच्या मोर्च्यात ओळख झालेल्या बायका, कॉलेजातली मुलं आणि गल्लीतले काही रिकामटेकडे यांनी मिळून 'सर, तुम्हीच उभे राहा' अशी गळ घातली. तेव्हा यांनी स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. डिपॉझिट जाईल, अनुभव राहील." झालं उलटंच. डिपॉझिट राहिलं आणि दोन महिन्यांची पाच वर्षं झाली.

निकालाच्या दिवशी बाहेर ढोल वाजत होते, गुलाल उंबरा ओलांडून पोळपाटापर्यंत आला होता, आणि मी मनात म्हणत होते, गेलं, माझं बी.ए. गेलं. कोणी म्हणेल, नवरा आमदार झाला आणि हिला बी.ए.चं पडलंय! पडलं होतं खरं. माझं लग्न मॅट्रिकचा निकाल लागल्या लागल्या झालं. वडील म्हणाले होते, मुलगा प्रोफेसर आहे, पुढचं तोच शिकवील. मी एका शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवायची. तिथल्या मोठ्या बाई म्हणत, बी.ए. झालीस की हायस्कूलचे वर्ग देते. हे सगळं होतंच, पण खरं दुखणं वेगळं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात माझी ओळख 'सरांच्या मिसेस' अशी करून द्यायचे. मग समोरची बाई गोड हसून विचारायची, "आणि तुम्ही काय केलंय?" मी म्हणायची, "लग्न." सगळे हसायचे. मीही हसायची, पण घरी आल्यावर भाकरी जरा जोरातच थापल्या जायच्या. मला माझं असं काहीतरी हवं होतं, यांच्या नावावर उधार घेतलेलं नव्हे. परीक्षेला बाहेरून बसता येत होतं, पेपर मराठीत लिहिता येत होते, म्हणून मी हिय्या करून सुरुवात केली होती.

यांची शिकवायची तऱ्हा सांगते. मी तांदूळ निवडत बसायची, हे स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि पाऊण तास शिकवायचे. सुरुवातीला आदल्या दिवशीचं विचारणार, शेवटी 'काही शंका?' म्हणणार. वर्गात विद्यार्थिनी मी एकटी, पण यांचा आवाज भरल्या वर्गाचा. शेजारच्या गुजराती बेननी एकदा मला काळजीनं विचारलं, "भाभी, तुमारे घर में रोज झगडा होता है क्या?" मी म्हटलं, "नाही हो, संसदीय लोकशाही चाललीय."

आमदार झाल्यावर ते स्टूल बाहेरच्या खोलीत गेलं आणि त्यावर टेलिफोन बसला. आमच्या दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत मतदारसंघ आणि आतल्या खोलीत मी, मध्ये एक छापील पडदा. पडद्यानं दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. 'अभ्यासाचं काय?' म्हटलं की हे म्हणायचे, "रविवारी बसू." रविवारी तर बाहेर चपलांचा असा ढीग पडायचा की आमच्या घरी लग्न आहे का म्हणून नवीन माणूस विचारायचा. शेवटी मी एकटीच पुस्तक घेऊन पडद्यामागे बसायला लागले. डोळ्यांपुढे 'राज्याची मूलतत्त्वे' आणि कानांत गटाराची तक्रार, असा माझा अभ्यास चाले.

आणि काय काय ऐकलं मी त्या पडद्यामागे! हे आमदार झाले तरी आतला मास्तर काही हलला नव्हता. एखादा पोरगा नोकरीसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला आला की हे विचारणार, "आपण एकमेकांना ओळखतो?"

"नाही, सर."

"मग तुमची वर्तणूक चांगली आहे हे मला कसं कळणार? बसा." की झाली तोंडी परीक्षा सुरू. घरी कोण कोण आहे, आईला घरकामात मदत करता का, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं. पोरगा घामाघूम. बाहेर रांगेतले लोक एकमेकांना संभाव्य प्रश्न सांगायचे.

सभेतलं भाषणही तसंच. आधी व्याख्या, मग प्रकार, मग गुणदोष. मधेच मैदानाच्या टोकाला बसलेल्यांना विचारणार, "शेवटच्या बाकावर ऐकू येतंय ना?" बाक कुठला आलाय, लोक गवतात बसलेले. पण 'हो सर' असा सामुदायिक आवाज यायचा.

आणि विधानसभेत यांनी जे केलं ते तर दुसऱ्या कुणी करूच शकलं नसतं. गोराईच्या खाडीत तेव्हा धड जेटी नव्हती. ओहोटीला होडी अलीकडेच थांबायची आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलातून किनारा गाठायच्या. त्या जेटीवर बोलायचं म्हणून यांनी आठवडाभर तयारी केली. भाषण रंगात आलं, आणि वेळ संपत आल्याची घंटा वाजली. बाकीचे सभासद घंटेला भीक घालत नाहीत, उलट घंटेनंतरच त्यांचा आवाज चढतो. पण आमच्या प्रोफेसरांचा जन्म कॉलेजच्या घंटेवर गेलेला. घंटा वाजली म्हणजे तास संपला! यांनी अर्ध्या वाक्यात कागद आवरले आणि खाली बसले. अध्यक्षही म्हणे बघतच राहिले. 'घंटा वाजली की बसणारा आमदार' हे नाव विरोधकांनी उचललं, आणि ते पाच वर्षं पुरलं.

गोराईची एक मावशी होती. जुन्या ख्रिस्ती घरातली, लाल लुगडं नेसायची आणि होडीनं येऊन बोरिवलीच्या बाजारात भाजी विकायची. जेटीचं विचारायला ती महिन्यातून एकदा तरी यायची, पण बाहेरच्या खोलीत कधी बसली नाही. सरळ पडदा बाजूला सारून माझ्याकडे. पाटी खाली ठेवायची, उरलेली वांगी माझ्या सुपात ओतायची आणि म्हणायची, "बाय, तुजा घोव त्या सभेत बसला कशाला? उबा राव म्हनावं!" मी म्हणायची, "तुम्हीच सांगा." ती हसायची आणि चहा पिऊन जायची. काम झालेलं नसायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा यायची.

अशी चार वर्षं गेली. खालच्या परीक्षा मी एकेक करून काढल्या, कशा काढल्या ते विचारू नका. आणि त्या उन्हाळ्यात बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसले. राज्यशास्त्राचा पेपर हातात आला आणि मला हसूच फुटलं. पहिलाच प्रश्न, लोकप्रतिनिधीची कर्तव्ये सविस्तर सांगा. म्हटलं, अहाहा! हा प्रश्न माझ्या घरात राहतो. पेन उचललं ते थांबलंच नाही. मी लिहिलं, लोकप्रतिनिधीचे पहिले कर्तव्य म्हणजे तोंड धुवायच्या आत दारात येणे. ज्याला ओळखत नाही त्याच्या बारशाला जाणे. ज्या नळाला पाणी नाही त्या नळाखाली स्वतः उभे राहून पाहणे. ज्याचे काम होणार नाही हे माहीत आहे त्यालाही बसवून चहा देणे, आणि तो चहा प्रतिनिधीच्या पत्नीने करणे. सभागृहात प्रश्न विचारून 'माहिती घेत आहोत' हे उत्तर ऐकणे, आणि तेच उत्तर मतदारसंघात परत येऊन सांगताना मान वर ठेवणे. काम न होताही माणूस पुन्हा दारात आला तर दार उघडणे.

पुढचा प्रश्न विधेयकाचा कायदा कसा होतो हा होता. तोही मी असाच, पडद्यामागून ऐकलेला लिहिला. घरी आले ती हवेत तरंगत.

निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले आणि राज्यशास्त्रात मी नापास. यांच्या विषयात! यांनी विचारलं, "लिहिलं होतंस तरी काय?" मी पहिल्या उत्तरापासून सांगायला लागले. बारशापर्यंत यांनी गंभीर राहायचा प्रयत्न केला, नळाशी ओठ हलले आणि चहाला हे जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. पण हे उत्तर नव्हे. मी तपासला असता तरी नापासच केलं असतं."

हे वाक्य मला लागलं. नापास होण्यापेक्षा जास्त लागलं. जे तुम्ही दिवसभर करता ते मी लिहिलं, आणि ते तुम्हालाच उत्तर वाटत नाही? पण ते मनातच ठेवून मी पुस्तक पुन्हा उघडलं. म्हटलं, ऑक्टोबरला बसू, पुस्तकातलं लिहू, आणि सुटू एकदाचे.

तसं झालं असतं, पण आमच्याकडे एक कंपाउंडर होता. म्हणजे दिवसा तो स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडे बाटल्या भरायचा आणि संध्याकाळी यांचं राजकारण सांभाळायचा. मूळचा कोकणातला, वडील गिरणीत होते. आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी सभा चालू राही. जीव लावणारा माणूस, पण गप्प बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. त्या वर्षीच्या गणपतीत एका मंडळानं यांना बोलावलं होतं. मीही गेले होते, बायकांत पुढच्या सतरंजीवर बसले होते. पुढच्या वर्षी निवडणूक, त्यामुळे कंपाउंडरच्या अंगात वारं शिरलेलं. प्रास्ताविकाला उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, आजकाल पुढाऱ्यांची पोरं पुस्तक न उघडता पास होतात. एका फोनवर! आणि आमचे सर? अहो, सर स्वतः राज्यशास्त्राचे प्रोफेसर. त्यांनी मनात आणलं असतं तर काय झालं नसतं? पण सांगायला अभिमान वाटतो, आमच्या वहिनी राज्यशास्त्रात नापास झाल्या! नापास! आणि सरांनी फोनला हात लावला नाही! असा आमदार दाखवा मला दुसरा!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! आरतीलाही तेवढ्या पडल्या नसतील. शंभर माना माझ्याकडे वळल्या. शेजारच्या बाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "धन्य आहात हो." मी वर मंचाकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता उठतील, काहीतरी म्हणतील. यांनी हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत हात जोडून, मान किंचित तिरकी करून बसून राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "हात का जोडलेत?"

"टाळ्या वाजल्या की आपोआप जोडले जातात गं. सवय."

"तुमची सवय, आणि माझी वरात."

दुसऱ्या दिवसापासून पाहते तर मी बोरिवलीभर प्रसिद्ध. भाजीवाली म्हणाली, "आल्या बघा, नापासवाल्या वहिनी." तिनं जुडीही मोठी दिली, हे खरं, पण मला ती टोपलीत टाकवेना. कंपाउंडरनं तर चौकातल्या फळ्यावर लिहिलं, 'ज्यांची पत्नी नापास, तेच आमदार झकास!' मी त्याला बोलावून असा फैलावर घेतला की तो दोन दिवस फिरकला नाही. फळा मात्र पुसला नाही.

ऑक्टोबर जवळ आला. एके दिवशी संध्याकाळी कंपाउंडर दोघा-तिघांना घेऊन आला आणि बाहेरच्या खोलीत न बसता पडद्याशी येऊन उभा राहिला. पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत म्हणाला, "वहिनी, एक ऐकशात? या खेपेक परीक्षेक बसा नकात."

"का?"

"तसा नाय... पण आता तुमी पास झाल्यात, तर विरोधक काय म्हणतले? आमदारान फोन केल्यान! सगळ्या प्रचाराची वाट लागतली. निवडणूक होऊं दे, मगे बसा. पास झाल्यात की मी स्वतः पेढे वाटतंय."

मला आधी कळेचना हा काय बोलतोय. कळलं तेव्हा हातातलं उलथनं मी खाली ठेवलं, ते हातात ठेवणं बरं नव्हतं म्हणून. "म्हणजे यांनी निवडून यायचं म्हणून मी नापास राहायचं?"

"कायमचा थोडाच! पाच म्हयने."

"आणि नंतर पास झाले की लोक म्हणतील, आता निवडून आले, आता केला फोन. मग मी पास व्हायचं तरी कधी? हे पडल्यावर?"

कंपाउंडर कुळथाच्या पिठल्यासारखा पातळ झाला. सगळे यांच्याकडे बघायला लागले. मीही बघत होते. परीक्षेचा प्रश्न मागे पडला होता. हा माणूस आता काय म्हणतो, यावर माझ्या संसाराचं पुष्कळसं ठरणार होतं. यांनी स्टुलावरचा टेलिफोन जरा सरकवला आणि म्हणाले, "परीक्षेला बसायचं की नाही हे विद्यार्थी ठरवतो. प्राध्यापक ठरवत नाही, आमदार तर नाहीच नाही."

मंडळी चहा न घेता गेली. यांनी 'बस' असं सरळ म्हटलं असतं तर मला जास्त आवडलं असतं, पण यांना नियमात बोलल्याशिवाय मायाच करता येत नाही, त्याला काय करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी टेलिफोन जमिनीवर ठेवलेला दिसला. स्टूल स्वयंपाकघराच्या दारात होतं आणि त्यावर हे बसले होते. "काल कुठवर आलो होतो?" म्हणाले. तो 'काल' चार वर्षांपूर्वीचा होता. मी तांदळाचं सूप पुढे ओढलं आणि म्हटलं, "परीक्षेपुरतं सांगा. खरं मला माहीत आहे."

ऑक्टोबरला बसले. पर्यवेक्षक यांचेच जुने विद्यार्थी निघाले. दर थोड्या वेळानं येऊन हळूच विचारायचे, "वहिनी, काही हवंय का?" शेवटी मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं, "हो. पुरवणी द्या, आणि पुन्हा विचारू नका." त्या दिवशी मी लोकप्रतिनिधी हा मतदारांचा केवळ निरोप्या नसून कसा स्वतंत्र विचार करणारा घटक असतो ते चार पानं लिहिलं. पानाच्या डाव्या बाजूला समास सोडला, मथळ्यांखाली रेघा मारल्या. जानेवारीत निकाल लागला. पास, आणि तोही दुसऱ्या वर्गात. पेढे मीच आणले. बेनना पहिला दिला. कंपाउंडरनं दोन खाल्ले आणि सुतकात असल्यासारखा बसून राहिला.

त्याची भीती खोटी नव्हती. प्रचार सुरू झाला तसं विरोधकांनी हे बरोबर उचललं. बोरिवलीच्या मोठ्या सभेत यांचं भाषण गुणदोषांपर्यंत आलं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, वहिनी पास झाल्या काय हो? फोन कुणी केला?" हशा पिकला. हे थांबले. माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "झाल्या. अभ्यास करून झाल्या. आणि आधी नापास झाल्या होत्या, त्यात माझा कसलाही प्रामाणिकपणा नव्हता. मी चार वर्षं त्यांना शिकवलं नाही म्हणून त्या नापास झाल्या. त्या टाळ्या मी घ्यायला नको होत्या. माझी चूक झाली."

कंपाउंडरनं कपाळाला हात लावला. चांगलं हातातलं घोषवाक्य या माणसानं स्वतःच्या हातानं बुडवलं होतं. आता मी खूश व्हायला हवं होतं की नाही? तुम्ही म्हणाल, बाई, अजून काय पाहिजे होतं? पण घरी जाताना माझं डोकं तापतच गेलं. घराची कडी काढता काढता मी म्हटलं, "पास झाले तर लोक म्हणतात तुमच्यामुळे. नापास झाले तर तुम्ही म्हणता तुमच्यामुळे. मग यात मी कुठे आहे?"

हे उंबऱ्यातच उभे राहिले. "अगं, मी तुझीच बाजू..."

"माझी बाजू मला घेता येते. मी नापास झाले ते तुम्ही शिकवलं नाही म्हणून नव्हे. मला जे दिसलं ते मी लिहिलं, म्हणून. ते माझं होतं. तेसुद्धा उचलून नेलंत माइकवर."

यांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली, पुन्हा काढली. विरोधी बाकांनी बघायला हवं होतं. मग हळूच म्हणाले, "उद्या गोराईला सभा आहे. तू बोलतेस?"

मी तोवर कुठल्याच सभेत बोलले नव्हते. कुणी आग्रह केला तर 'यांनी बोलायचं, मी चहा करायचा' असं म्हणून सुटायची. त्या दिवशी मी 'हो' म्हटलं. रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतो!

निवडणूक आम्ही हरलो, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगीच कुणी आस लावून बसायला नको. त्या खेपेला वारंच वेगळं होतं, त्यात भलेभले उडाले. हे महिन्याभरात पुन्हा अंधेरीला शिकवायला जायला लागले. पण ते नंतरचं. गोराईची सभा त्याआधी झाली.

दुपार कलली होती. ओहोटी होती, त्यामुळे आम्हीही चप्पल हातात घेऊन चिखलातून गेलो. आमदारांनी पाच वर्षांत काय केलं, याचं उत्तर यांच्या पायांनाच पोटरीपर्यंत लागलेलं होतं. चर्चच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चटया घातल्या होत्या. पुढे मावशी आणि तिच्या बरोबरीच्या बायका, मागे जाळी विणत बसलेले पुरुष. कंपाउंडरनं "आता वहिनी दोन शब्द..." असं म्हणून माइक माझ्याकडे असा दिला, जसा काही त्यात विंचू होता.

मी म्हटलं, "मी राज्यशास्त्रात नापास झालेली बाई. माझ्या नापास होण्यावर एवढी भाषणं झाली, पण मी काय लिहिलं होतं ते कुणी विचारलं नाही. ते सांगते." आणि सांगितलं. तोंड धुवायच्या आत दारात येणे. हशा. अनोळखी बारसं. मोठा हशा. कोरड्या नळाखाली उभे राहणे. चहाला बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. 'माहिती घेत आहोत' या उत्तराशी मागच्या पुरुषांचे हात जाळ्यावर थांबले. शेवटचं सांगताना माझाच आवाज खाली गेला. काम न होताही माणूस पुन्हा दारात आला, तर दार उघडणे.

कुणी हसलं नाही. मावशी चटईवरून उठली, लुगडं झटकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग यात खोटा काय लिवलंस?"

"काही नाही, मावशी."

"मंग नापास कशी केली तुला?"

मी नुसती माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिले. पाच वर्षं पडद्यामागे बसून मी जे ऐकलं, ते ज्यांचं होतं तेच आज माझा पेपर तपासत होते, आणि त्यांना त्यात चूक सापडत नव्हती. मावशीनं माझा नाद सोडला आणि मोर्चा यांच्याकडे वळवला. "सर, तुमी सांगा. तुमी शिकवता ना ह्यो विषय? तुमच्या हातात पेपर आयला असता तर?"

सगळं गाव यांच्याकडे बघायला लागलं. हे खुर्चीवरून उठले. माइककडे आले नाहीत. व्याख्या नाही, प्रकार नाहीत. पायांवरचा चिखल वाळत आला होता, तो बघत म्हणाले, "मीही नापासच केलं असतं. कालपर्यंत."

एवढं बोलून बसले. मी डोळे पुसले, माइक नीट धरला आणि जेटीबद्दल बोलायला लागले.